समोरच्या दाराची सैल कडी, हलणारा कोयंडा, निसटलेली बिजागरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं हार्डवेअरचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. गिऱ्हाईक काउंटरवर उभं राहून विचारतं, नाहीतर मोबाइलवर दाराचा फोटो पाठवून विचारतं. सगळ्यात जास्त प्रश्न समोरच्या दाराचे असतात: कडी हलते, दार खाली बसलं, हँडल हातात आलं. सेलू, गंगाखेड, वसमतपासून थेट लातूर-नांदेडपर्यंत दुखणी तीच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली. घाई असेल तर आधी प्रश्न २ आणि ४ वाचा.

१. दुकानात गेल्यावर नेमकं काय मागायचं? कडी, अल्ड्रॉप, टॉवर बोल्ट सगळं एकच का?

एकच नाही. कडी म्हणजे अडकवायची साखळी किंवा पट्टी, आणि ती ज्यात अडकते तो कोयंडा. अल्ड्रॉप म्हणजे दारावर आडवी सरकणारी जाड दांडी, जिला बाहेरून कुलूप लागतं. टॉवर बोल्ट आतल्या बाजूला वर किंवा खाली सरकवतात. काही घरांत त्यालाच खिट्टी म्हणतात. ज्यावर दार फिरतं ती बिजागरी.

नाव आठवलं नाही तरी चालेल, जुना तुकडा पिशवीत घालून आणा. फोटो पाठवत असाल तर शेजारी पट्टी किंवा टेप धरा, कारण फोटोत चार इंची आणि पाच इंची बिजागरी सारखीच दिसते. एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो. जुनी भोकं खराब झाली असतील तर मुद्दाम थोडी मोठी कडी किंवा अल्ड्रॉप घ्या. तिचे स्क्रू जुन्या भोकांच्या बाजूला, कोऱ्या लाकडात बसतात आणि निम्मं काम तिथंच होतं.

२. कडीचे स्क्रू आवळले, आठ दिवसांत परत सैल. स्क्रू खराब निघाले का?

स्क्रू बहुतेक वेळा चांगलाच असतो, खराब झालेलं असतं भोक. स्क्रूच्या आट्या लाकडात रुतून बसतात तेव्हाच पकड येते. कडी रोज वीस-तीस वेळा ओढली जाते, स्क्रू किंचित हलतो आणि भोकाच्या कडेचा भुसा होतो. एकदा भोक मोठं झालं की तोच स्क्रू कितीही पिळा, तो जागच्या जागी फिरत राहतो.

आपल्याकडच्या हवेनंही यात भर पडते. चैत्र-वैशाखात पारा चाळीसच्या वर जातो, लाकूड वाळून आकसतं. पावसाळ्यात तेच ओल धरून फुगतं. दरवर्षी असं आत-बाहेर झालं की स्क्रूची पकड आपोआप ढिली पडते. म्हणूनच उन्हाळ्याच्या शेवटी आमच्या दुकानात सैल कडीवाल्यांची गर्दी असते.

तपासायला सोपं आहे. पेचकसानं स्क्रू आवळून बघा. दोन-तीन फेऱ्यांत घट्ट अडला तर नुसता ढिला झाला होता, काम संपलं. फिरतच राहिला किंवा बोटानं बाहेर आला तर भोक भरावं लागेल, ते प्रश्न ४ मध्ये सांगितलंय. आणि कडी सोडून सगळं दारच हलत असेल तर आधी प्रश्न ६ वाचा. तिथलं दुखणं बरं न करता कडी आवळली तर ती परत सैल होणारच.

३. घरात कोणकोणती हत्यारं लागतील?

मोठ्या तोंडाचा एक चपटा पेचकस, एक फुलीचा, लहान हातोडा, पक्कड आणि लाकडाचा गोंद. भोक पाडायला ड्रिल मशीन असेल तर उत्तम, नसेल तर गिरमिट किंवा बारीक खिळाही चालतो. पेचकसाचं तोंड स्क्रूच्या खाचेत पूर्ण भरलं पाहिजे. लहान पेचकसानं मोठा स्क्रू पिळला की खाच घासून गुळगुळीत होते, मग तो स्क्रू काढणं म्हणजे वेगळंच काम होऊन बसतं.

४. मोठं झालेलं भोक भरायचं कसं? सगळं नीट सांगा.

कडी पूर्ण काढा. भोकात फुंकर मारून भुसा बाहेर काढा. फुंकताना डोळे मिटा, मिरची उडाल्यासारखी जळजळ होते. आत तेल किंवा ओल असेल तर एक दिवस उघडं राहू द्या, ओल्या लाकडाला गोंद धरत नाही.

मग बांबूची काडी घ्या. उदबत्तीची जुनी काडी, टूथपिक, झाडूचा कडक हीर किंवा आगपेटीच्या गुल काढून टाकलेल्या काड्या, काहीही चालतं. माझा अनुभव बांबूच्या बाजूनं आहे, कारण बांबू दाबला तरी चुरा होत नाही. काडी फेविकॉलमध्ये बुडवून भोकात घाला, शेजारी दुसरी, तिसरी. शेवटची काडी हातोड्यानं हळू ठोकावी लागली पाहिजे, इतकं भोक गच्च भरा. बाहेर आलेली टोकं ब्लेडनं चौकटीच्या पातळीला कापा आणि वर आलेला गोंद ओल्या फडक्यानं पुसा.

आता थांबायचं. गोंद वरून दोन तासांत वाळल्यासारखा दिसतो, पण आतून वाळायला एक रात्र लागते. पावसाळ्यात पूर्ण दिवस द्या. बरेच जण इथंच घाई करतात, ओल्या गोंदात स्क्रू घालतात आणि महिन्यानं परत येतात.

दुसऱ्या दिवशी मधोमध बारीक भोक पाडा. आठ नंबरच्या स्क्रूला सागवानासारख्या कठीण लाकडात तीन मिलिमीटरचं भोक बरोबर पडतं, मऊ लाकडात अडीचचं. भोक न पाडता स्क्रू घातला तर काड्या बाजूला सरतात नाहीतर चौकट चिरते. स्क्रूच्या आट्यांना थोडा साबण किंवा मेण चोळा, तो गुळगुळीत जाईल. शेवटच्या फेऱ्या हातानंच द्या. ड्रिल मशीननं आवळताना कळायच्या आत आट्या तुटतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

भोक करंगळी जाईल एवढं झालं असेल तर काड्यांनी भागत नाही. तिथं दहा मिलिमीटरचं स्वच्छ गोल भोक पाडा, त्यात गोंद लावून लाकडाची खुंटी ठोका आणि वाळल्यावर खुंटीत स्क्रू घाला. खुंटी सुतार पाच मिनिटांत तासून देतो.

५. काड्या कशाला, एम-सील भरलं तर नाही का चालणार?

वरवरच्या कामाला चालतं. पण एम-सील कडक असतं आणि लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं-आकसतं. वर्ष-दोन वर्षांत तो गोळा अख्खाच्या अख्खा भोकातून सुटतो, स्क्रूला घट्ट चिकटलेला. तसे गोळे मी पुष्कळ पाहिलेत. लोखंड, दगड किंवा सिमेंटमध्ये ते चांगलं, लाकडात लाकूडच भरावं.

६. दार खाली बसलंय, उंबऱ्याला घासतंय. कडीही जुळत नाही. काय बदलू?

आधी काहीच बदलू नका, नीट बघा. दार अर्धं उघडा, हँडलच्या बाजूनं दोन्ही हातांनी वर उचला आणि घरातल्या कुणाला तरी वरच्या बिजागरीकडे बघायला सांगा. तुम्ही उचलताना बिजागरीचा पत्रा चौकटीपासून मागेपुढे होत असेल तर दुखणं तिथंच आहे. दाराचं सगळं वजन वरच्या बिजागरीला बाहेर ओढत असतं आणि खालची बिजागरी आत दाबली जाते. म्हणून आधी वरचीच निसटते आणि दार हँडलच्या बाजूनं खाली लोंबतं.

दाराखाली पाचर द्या. पाचर नसेल तर लाकडी पाट आणि वर्तमानपत्राच्या घड्या घाला, दार नेमकं मूळ जागी येईपर्यंत. मग वरच्या बिजागरीचे चौकटीतले स्क्रू काढा, भोकं प्रश्न ४ प्रमाणे भरा आणि या वेळी लांब स्क्रू घाला. लाकडी चौकट साधारण अडीच इंच जाड असते, तिथं दोन इंची स्क्रू आरामात मावतो. बिजागऱ्या एका वेळी एकच उघडा. तीनही एकदम मोकळ्या केल्या तर दार अंगावर येतं. सागवानी दाराचं वजन एकट्या माणसाला पेलत नाही, त्यामुळे जोडीला माणूस असल्याशिवाय हे काम करू नका.

काळे, बारीक आट्यांचे जिप्समचे स्क्रू बिजागरीला वापरू नयेत. स्वस्त असतात, पटकन जातात, पण ठिसूळ असतात. दाराचा झटका बसला की डोकं तुटतं आणि बूड आतच राहतं. बिजागरीला जाड लाकडी स्क्रू किंवा स्टीलचा स्क्रू घ्या.

स्क्रू घट्ट आहेत, तरी दार हलतंय? मग बिजागरीची पिन झिजली असेल. तिला दुरुस्ती नाही, बिजागरी बदला. बदलताना तिन्ही एकाच मापाच्या घ्या. दोन जुन्या आणि एक नवी असली की सगळा भार नवीवर येतो.

७. बिजागऱ्या चांगल्या आहेत, तरी अल्ड्रॉपची दांडी भोकात जात नाही. भोक मोठं करू का?

किती आणि कुठं अडतंय ते आधी कळू द्या. चिमूटभर कुंकू दोन थेंब तेलात कालवून दांडीच्या टोकाला लावा आणि दार लावून दांडी सरकवा. चौकटीवर लाल ठिपका उमटेल. तो भोकाच्या खाली असेल तर दार बसलंय, म्हणजे प्रश्न ६. वर असेल तर चौकट किंवा उंबरा सरकलाय. बाजूला असेल तर दार वाकलंय किंवा फुगलंय, त्यासाठी प्रश्न १३. एक-दोन मिलिमीटरचा फरक असेल तर कानशीनं भोक थोडं घासायला हरकत नाही. त्याहून जास्त असेल तर चौकटीतली पट्टी काढा, जुनी भोकं भरा आणि पट्टी ठिपक्याच्या जागी परत बसवा.

आपल्याकडं याचं आणखी एक कारण असतं, काळी माती. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया उथळ असेल तर भिंत दरवर्षी थोडी हलते आणि तिच्याबरोबर चौकट तिरकी होते. सुतळी घ्या, चौकटीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत ताणून माप घ्या, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांचं. दोन्ही मापं सारखी आली तर चौकट काटकोनात आहे. फरक बोटभर किंवा त्याहून जास्त आला आणि दाराच्या कोपऱ्यातून भिंतीला तिरकी भेग गेली असेल तर कडी हा तुमचा खरा प्रश्न नाही. बांधकामाच्या माणसाला भिंत आणि पाया दाखवा. हिंगोली-नांदेड भागात २०२४ मध्ये भूकंपाचे धक्के बसले. त्या पट्ट्यातल्या घरांनी अशा भेगा जरूर तपासाव्यात.

८. आमचं माळवदाचं, म्हणजे लाकूड-मातीच्या सपाट छताचं जुनं घर. वरच्या तुळईतला कोयंडाच हलतो, त्याला स्क्रू दिसत नाही. कसा बसवायचा?

या प्रश्नाला मी मनापासून उत्तर देतो, कारण माझ्या आजीच्या घरी हेच झालं होतं. मानवतजवळच्या गावी माळवदाचं घर, ढाळजेत (दारालगतच्या ओसरीत) दोन फळ्यांचं जड दार, आणि साखळी वर कपाळपट्टीतल्या, म्हणजे दारावरच्या आडव्या तुळईतल्या कोयंड्यात अडकवायची. कोयंडा इतका ढिला झाला होता की वाऱ्यानं दार हललं तरी साखळी निसटायची. आजी कुणाला काही बोलली नाही. रोज रात्री ती दाराला आतून पाटा लावून झोपायची. सत्तरी ओलांडलेली बाई दगडी पाटा ओढत दारापर्यंत न्यायची, हे आम्हाला दिवाळीला गेल्यावर कळलं. तेव्हापासून कुणी ‘कडी जराशीच सैल आहे’ म्हणालं की घरात कोण झोपतं हे मी आधी विचारतो.

अशा जुन्या कोयंड्याला दोन पाय असतात. ते लाकडातून आरपार जातात आणि मागच्या बाजूला एक डावीकडे, एक उजवीकडे वळवून ठोकलेले असतात. स्क्रू नसतोच. मागचं लाकूड झिजलं की वळवलेले पाय आत रुततात आणि कोयंडा पुढं येतो. मागच्या बाजूला हात पोचत असेल तर पक्कडीनं पाय सरळ करा, कोयंडा बाहेर काढा, आणि परत घालताना मागं दोन भोकांची जाड लोखंडी पट्टी ठेवून तिच्यावर पाय वळवा. मग ते लाकडात रुतत नाहीत. आजीच्या घरी सुतारानं हेच केलं, पट्टी बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावेचा तुकडा कापून केली होती.

गंजलेला पाय सरळ करताना तुटतो, हे धरूनच चाला आणि नवा कोयंडा आधी आणून ठेवा. मागं भिंत असेल, हात पोचत नसेल, तर जुनं लाकूड उकरत बसू नका. जुना कोयंडा तसाच राहू द्या आणि शेजारी पट्टीचा, चार स्क्रूंचा कोयंडा बसवा. जुन्या सागवानाला स्क्रूची पकड फार चांगली येते, फक्त आधी भोक पाडायचं.

घरात म्हातारी माणसं असतील तर वरच्या साखळीवर भिस्त ठेवू नका. छातीच्या उंचीवर एक टॉवर बोल्ट लावा. हात वर करून टाचा उंचावल्या की तोल जातो.

९. आमचं दार लोखंडी आहे. कडीला काड्या-गोंद कसा चालेल?

नाही चालणार. पत्र्याला पकड नसते, म्हणून तिथं आरपार नट-बोल्ट, वॉशर आणि स्प्रिंग वॉशर घाला. नट पुन्हा पुन्हा ढिला होत असेल तर त्याच्यावर दुसरा नट घट्ट बसवा, दोन्ही एकमेकांना अडवतात. वेल्डिंगनं लावलेली कडी सुटली असेल तर वेल्डरकडूनच करून घ्या, आणि दाराला बेलची किंवा दिव्याची वायर असेल तर ती आधी काढून ठेवा.

लोखंडी दार खाली बसलं असेल तर बऱ्याचदा बिजागरीची पिन आणि तळ झिजलेले असतात. दार उचलून पिनेवर एक-दोन वॉशर टाकले की दार तेवढं वर येतं. दहा मिनिटांचं काम आहे, पण उचलायला दोन माणसं पाहिजेत आणि पिनेजवळ बोट घालायचं नाही.

१०. फ्लश डोअरमध्ये स्क्रू बसतच नाही, आत पोकळ लागतंय.

फ्लश डोअरच्या कडेला चारी बाजूंनी लाकडाची पट्टी असते, मध्ये काही दारांत पोकळ जागा किंवा भुशाचा थर असतो. कडेपासून लांब बसवलेल्या कडीचे स्क्रू नुसत्या प्लायमध्ये असतात. तिथं भोक भरून उपयोग नाही. कडी कडेच्या पट्टीवर येईल अशी सरकवा, किंवा दारातून आरपार बोल्ट टाकून मागं रुंद वॉशर लावा. स्क्रू निवडताना जाडी बघा. ही दारं बहुधा ३० किंवा ३५ मिलिमीटरची असतात आणि दीड इंची स्क्रू म्हणजे ३८ मिलिमीटर. तो पलीकडून टोक काढतो आणि लेकराचा हात फाटतो. एक इंचीच घ्या.

११. हँडल लोंबतं, किल्ली फिरवताना कुलपाचा गोल भाग सोबत फिरतो.

दोन वेगळी दुखणी आहेत. हँडल लोंबत असेल तर त्याच्या मानेखाली एक बारीक स्क्रू असतो, बऱ्याचदा षटकोनी खाचेचा. अॅलन कीनं तो आवळा. आवळूनही हँडल वर येत नसेल तर आतली स्प्रिंग गेली आहे.

दाराच्या आत बसवलेल्या मॉर्टिस कुलपात किल्लीचा गोल भाग हलत असेल तर दार उघडून त्याची कड बघा. पितळी किंवा स्टीलच्या पट्टीवर, किल्लीच्या भोकाच्या रेषेत एक लांब स्क्रू दिसेल, त्या भागाला तोच धरून असतो. फार जोरानं आवळला तर किल्ली जड फिरते. आवळा, किल्ली फिरवून बघा, लागलं तर पाव फेरी सोडा.

आतून पेटीसारखं बसवलेलं नाइट लॅच असेल तर पेटी काढावी लागते. तिच्या मागच्या पत्र्यातून दोन लांब स्क्रू बाहेरच्या गोल भागाला ओढून धरतात, ते आवळा. हे करताना दार उघडं ठेवा आणि किल्ली स्वतःच्या खिशात.

१२. करकरणाऱ्या बिजागरीला कोणतं तेल?

शिलाई मशीनचं तेल, दोन थेंब, पिनेच्या वरच्या टोकाला. मग दार दहा-बारा वेळा उघडझाप करा आणि ओघळ पुसून टाका. स्वयंपाकघरातलं तेल नको. आपल्याकडं करडईचं तेल हाताशी असतं म्हणून लोक तेच सोडतात. ते हवेनं हळूहळू वाळून चिकट होतं, त्यावर धूळ बसते आणि सहा महिन्यांनी बिजागरी आधीपेक्षा जड फिरते. किल्लीच्या भोकात तर कुठलंच तेल नको. पेन्सिलीचं शिसं बारीक खरवडून ती पूड किल्लीला लावा आणि किल्ली आत-बाहेर करा.

१३. पावसाळ्यात दार फुगून अडतंय. रंधा मारून घेऊ का?

श्रावणात मारू नका. आता मारलात तर वैशाखात दाराच्या कडेनं प्रकाश दिसेल, कडी खडखडेल आणि ती भर परत घालता येत नाही. सध्या अडणाऱ्या कडेला मेणबत्ती चोळा. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली तरी अडत असेल तर थोडा रंधा मारा आणि त्याच दिवशी उघड्या पडलेल्या कडेला रंग किंवा पॉलिश लावा. दाराच्या वरच्या आणि खालच्या कडेला बहुतेक घरांत रंग कधी लागलेलाच नसतो. ओल तिथूनच शिरते, म्हणून तिथं जरूर लावा.

१४. दार नाही, अख्खी चौकटच भिंतीतून हलते.

चौकट भिंतीत धरून ठेवायला लोखंडी होल्डफास्ट गाडलेले असतात. ते सुटले की चौकट हलते आणि भिंतीच्या कडेचं प्लास्टर पडायला लागतं. विटांच्या भिंतीत चौकटीतून आरपार अँकर फास्टनर घालून ती परत घट्ट करता येते, नंतर फट सिमेंटनं भरायची. दगड-मातीच्या भिंतीत अँकर धरत नाही. तिथं तेवढा भाग उकरून, होल्डफास्ट काँक्रीटमध्ये बसवणं हाच मार्ग आहे. हे काम मिस्त्रीचं आहे, घरच्या घरी करू नका. होईपर्यंत दार आपटू देऊ नका.

१५. खालची बिजागरी सारखी निसटते. काड्या भरल्या तरी धरत नाही.

चौकटीच्या पायाला पेचकसाचं टोक दाबून बघा. सहज आत गेलं, ठोकल्यावर पोकळ आवाज आला किंवा मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर लाकूड कुजलंय किंवा वाळवी लागलीय. अशा लाकडात कुठलीच भर धरत नाही. कुजका भाग कापून तिथं नव्या लाकडाचा जोड द्यावा लागतो, आणि त्याआधी वाळवीवर औषध.

उंबऱ्याची पूजा आपल्या घराघरांत आहे, ती असायलाच पाहिजे. फक्त सडा टाकताना आणि उंबरा धुताना पाणी चौकटीच्या पायाशी साचतं, ते रोज फडक्यानं टिपून घ्या. चौकटीच्या खालच्या वीतभर भागाला दरवर्षी रंगाचा हात द्या. चौकट बहुतेक वेळा तिथूनच कुजायला लागते.

१६. आषाढीला सगळे पंढरपूरला जाणार. बाहेरचा अल्ड्रॉप किती भरवशाचा?

कुलूप कितीही भारी असो, अल्ड्रॉपच्या पट्टीचे स्क्रू बाहेरून दिसत असतील तर पेचकसवाल्याला कुलूप तोडायची गरजच नाही. पट्टी आणि कोयंडा दोन्हीला गोल, गुळगुळीत डोक्याचे आरपार बोल्ट घाला आणि नट आतल्या बाजूला ठेवा. बाहेरून त्या बोल्टला पकड मिळत नाही. दांडी १६ मिलिमीटर जाडीची घ्या. निघण्याच्या आदल्या दिवशी हे काम काढू नका, आठवडाभर आधी करा म्हणजे एखादा नट ढिला राहिला असेल तर वापरात कळतो.

१७. रात्री भीती वाटते, आतून कडीला कुलूप लावलं तर?

कृपा करून लावू नका. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा लोक गणपती विसर्जन करून गाढ झोपलेले होते. अशा वेळी दिवे नसतात, धूळ असते, हात कापतात. त्या अंधारात किल्ली शोधायला लागू नये. गॅस गळतीलाही हेच. आतली कडी एका हातानं, न बघता उघडली पाहिजे. भीती असेल तर एकाऐवजी दोन टॉवर बोल्ट लावा, पण किल्लीचं काही नको. दोन्ही बोल्ट सहज सरकतात ना, हे महिन्यातून एकदा डोळे मिटून करून बघा, घरातल्या लहान-मोठ्या सगळ्यांकडून करून घ्या.

१८. भाड्याच्या खोलीत राहतो. मालक लक्ष देत नाहीत.

भोक भरणं, स्क्रू बदलणं, तेल देणं एवढं स्वतः करायला हरकत नाही, त्यानं दाराचं काही बिघडत नाही. नवं भोक पाडायचं किंवा कुलूप बदलायचं असेल तर मालकांना आधी फोटोसह मेसेज करा आणि होकार आल्यावरच करा. जुनी कडी फेकू नका. खोली सोडताना ती परत द्यावी लागू शकते. लातूरला शिकायला राहणाऱ्या मुला-मुलींचे हे प्रश्न फार येतात. बाळांनो, खोली घेतानाच दाराची कडी आतून लावून, दार जोरात ओढून बघा.

१९. आत लेकरू आहे आणि आतलं हँडल निघून पडलंय. आत्ता काय करू?

लेकराला दारापासून बाजूला बसवा आणि त्याच्याशी बोलत राहा. आतून कडी किंवा टॉवर बोल्ट लागलेला नसेल, नुसतं लॅचच (हँडलनं मागं सरकणारी जीभ) अडकलं असेल, तर बाहेरचं हँडल फिरवून बघा. ते नुसतंच फिरत असेल तर त्याचे स्क्रू काढून हँडल ओढून घ्या. मध्ये एक चौकोनी सळई दिसेल, बहुधा आठ मिलिमीटरची. ती पक्कडीत घट्ट धरा, आत ढकलू नका आणि हँडल ज्या दिशेनं दाबायचात त्याच दिशेनं फिरवा. लॅच मागं येईल.

सळई आत पडली असेल तर त्या चौकोनी भोकात बसेल असा चपटा पेचकस तिरपा घालून फिरवा. आतून टॉवर बोल्ट लागला असेल तर पाच मिनिटांच्या वर प्रयत्न करत बसू नका. दार बाहेर उघडणारं असेल तर बिजागरीच्या पिना बाहेरच्या बाजूला असतात, त्या खालून खिळ्यानं वर ठोकून काढता येतात. आत उघडणाऱ्या दाराला खिडकीचा गज किंवा टॉवर बोल्टजवळची फळी कापावी लागते. सुताराला बोलवा, आणि लेकरू रडायचं थांबून गप्प झालं किंवा आत गॅस चालू असेल तर सुताराचीही वाट बघू नका, शेजाऱ्यांना हाक मारून दार फोडा. दार नंतर दुरुस्त करता येईल, प्रश्न ४ आणि ६ प्रमाणे.